मशेरी, मेंदू आणि सीमाभागातलं आरोग्य केंद्र

कर्नाटकातल्या, मराठीभाषक सीमाभागातल्या खानापूर किंवा निपाणी तालुक्यातल्या गरोदर बाईला आरोग्य केंद्रात 'तंबाखू खाता का, विडी ओढता का?' असं विचारलं, की ती नाही म्हणते. ती खोटं बोलत नसते. मशेरी, म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू, ती खात नाही, ओढतही नाही, दाताला लावते. पहाटे चूल पेटायच्या आधी, दुपारी भांडी आवरल्यावर, रात्री निजताना. घरात कुणाला ते व्यसन वाटतच नाही. नवऱ्याच्या दारूला व्यसन म्हणतात, पोराच्या माव्याला म्हणतात, सासूच्या मशेरीला कुणी म्हणत नाही. नोंदवहीत 'नाही' लिहिलं जातं आणि विषय तिथंच मिटतो.

तो तिथं मिटू नये. मशेरी ही निकोटिनची रोजची मात्रा आहे. मेंदूतल्या ठरावीक पेशी आणि त्यांच्यातल्या जोडण्या ती बदलते, आणि हा बदल औषधाने, सल्ल्याने, नीट पाठपुराव्याने उलटवता येतो. 31 मेला, तंबाखूविरोधी दिनी, शाळेत शपथ आणि फाटकावर फलक एवढ्यावर आपली तंबाखूमुक्ती संपते. गर्भवतीच्या आणि तिच्या सासूच्या मशेरीवरचा उपचार गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, रक्तदाबाच्या गोळीइतक्याच सहजपणे मिळाला पाहिजे, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे.

मशेरी करायला फार काही लागत नाही. आठवडी बाजारात सुटी तंबाखू मिळते. ती तव्यावर काळी होईस्तोवर परतायची, गार झाली की कुटायची, चाळायची, डबीत भरायची. भाजताना घरभर ठसका उठतो. भाजण्यात थोडं निकोटिन उडून जातं, पण चिमूटभर भुकटीत मेंदूला पुरेल इतकं उरतंच. बोटाने ती हिरडीवर चोळून पाच-दहा मिनिटं तशीच ठेवली, की तोंडाच्या आतल्या पातळ अस्तरातून निकोटिन सरळ रक्तात उतरतं. विडीच्या झुरक्यातलं निकोटिन फुप्फुसातून दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. तोंडातून जाणारं सावकाश चढतं, साधारण अर्ध्या तासाने वरच्या टोकाला येतं आणि जास्त वेळ टिकतं. म्हणून मशेरीवालीत विडीवाल्याची तडफड दिसत नाही. दिवसाअखेर पोटात-रक्तात गेलेलं एकूण निकोटिन मोजलं, तर मात्र ते कमी भरेलच असं नाही.

झाड निकोटिन बनवतं ते किड्यांसाठी. मुळांत तयार झालेलं निकोटिन पानांत चढतं आणि पान कुरतडणाऱ्याच्या मज्जासंस्थेवर घाला घालतं. निपाणी भागात शेतकरी शेंडा खुडतो, फुटवे काढतो, तेव्हा पान जाड होतं आणि त्यातलं निकोटिनही वाढतं. तंबाखूचा काढा करून पिकावरच्या किडीवर मारायची जुनी रीत याच गुणावर चालते. आज त्याच कामाला आणलं जाणारं इमिडाक्लोप्रिडसुद्धा किड्याच्या चेतापेशींवरच्या त्याच प्रथिनांना जाऊन चिकटतं. पेशीच्या पृष्ठभागावर रसायनाचा निरोप झेलणाऱ्या या प्रथिनांना 'ग्राही' म्हणतात. पेशीवर असं काहीतरी झेलणारं असलं पाहिजे, ही कल्पनाच मुळात निकोटिनवरच्या प्रयोगांतून आली. केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी ती 1905 मध्ये मांडली.

माणसाच्या शरीरात हे ग्राही असिटिलकोलीन या आपल्याच रसायनासाठी असतात. लक्ष लागणं, जाग येणं, स्नायू आखडणं, आतडं सरकणं, अशी नाना कामं त्यांच्यावर चालतात. निकोटिनचा आकार असिटिलकोलीनच्या पुरेसा जवळचा, म्हणून ते तिथं घुसतं. पण असिटिलकोलीन क्षणात मोडून टाकणारं विकर निकोटिनला हात लावत नाही, म्हणून ते रेंगाळतं.

मध्यमेंदूत डोपामीन बनवणाऱ्या पेशींचा एक छोटा पुंजका आहे. त्याचे तंतू न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्स या केंद्राकडे आणि कपाळामागच्या भागाकडे जातात. या पेशींवर अल्फा-4 बीटा-2 नावाचे ग्राही असतात. निकोटिन त्यांना लागलं की पेशी भराभर संदेश सोडतात आणि डोपामीन वाढतं. त्यांना आवर घालणाऱ्या शेजारच्या पेशींवरही असेच ग्राही आहेत, पण निकोटिन सतत समोर राहिलं की ते काही मिनिटांत सुन्न पडतात. म्हणजे चालना मिळते आणि वर आवरही सुटतो. चिमूटभर भुकटीचा परिणाम इतका लांबतो त्याचं हे एक कारण.

डोपामीनला 'आनंदाचं रसायन' म्हणायची वर्तमानपत्रांना सवय लागली आहे. ती सोडलेली बरी. 1990 च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामीन पेशींची नोंद घेतली, तेव्हा दिसलं ते असं: अचानक फळाचा रस मिळाला की पेशी पेटतात, पण रसाआधी दरवेळी दिवा लागत असेल, तर काही दिवसांनी पेशी दिव्यालाच पेटतात, रसाला नाही. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर त्यांचा वेग नेहमीपेक्षाही खाली जातो. डोपामीन शिकवतं: कशाची वाट बघायची, कशासाठी उठायचं. मशेरीच्या बाबतीत तो दिवा म्हणजे चुलीपुढची जागा, पत्र्याची डबी, तव्यावरचा वास, न्हाणीच्या दारातलं पाणी. तंबाखू बंद केल्यावर तीन महिन्यांनीही शेजारणीच्या घरी तंबाखू भाजली जाते आणि बोट आपोआप हिरडीकडे जातं, ते या शिकवणीमुळे.

दुसरा बदल ग्राहींच्या संख्येत होतो. रोज निकोटिनखाली राहिलेला मेंदू अल्फा-4 बीटा-2 ग्राही वाढवतो. दिवसभर त्यातले बरेचसे निकोटिनने व्यापलेले आणि सुन्न. निकोटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. रात्री नऊला शेवटची मशेरी लावली, तर पहाटे पाचपर्यंत चार वेळा निम्मं झालं. आता वाढीव संख्येतले ग्राही मोकळे, शुद्धीवर आलेले, आणि त्यांना द्यायला काही नाही. डोकं जड, चिडचिड, काम सुचत नाही. मशेरी लावली की पंधरा-वीस मिनिटांत सगळं ताळ्यावर येतं. बाई म्हणते, मशेरीने डोकं हलकं होतं. हलकं झालं हे खरं. जड कशाने झालं होतं, ते मात्र तिला कुणी सांगितलेलं नसतं.

याहून ठासून सांगितलं जाणारं कारण पोटाचं. 'मशेरी लावल्याबिगर पोटच साफ होत न्हाई.' शिकलेले लोक यावर हसतात. हसू नये, कारण हे शरीरशास्त्राला धरून आहे. आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचं स्वतंत्र जाळं असतं. त्यातल्या गाठींमधल्या ग्राहींवर निकोटिन काम करतं आणि मोठं आतडं हलतं. वर्षानुवर्षं रोज सकाळी ही बाहेरची ढकल मिळालेलं आतडं ती बंद झाल्यावर काही दिवस सुस्तावतं. तंबाखू सोडणाऱ्यांना बद्धकोष्ठ होणं हा सोडण्याचाच एक माहीत असलेला त्रास आहे, आणि आमच्या भागातल्या बायका पुन्हा मशेरीकडे वळण्याचं ते मोठं कारण आहे असं मला वाटतं. उपाय अगदी साधा आहे: पहिल्याच दिवसापासून उठल्यावर दोन तांबे कोमट पाणी, जेवणात पालेभाजी वाढवणं, रात्री इसबगोल एक-दोन चमचे भरपूर पाण्यातून. हे आधी सांगितलं तर ती चौथ्या दिवशी घाबरत नाही. नंतर सांगून उपयोग नसतो, तोवर डबी बाहेर आलेली असते.

भुकेचंही तसंच. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या पेशी आहेत. निकोटिन त्यांना चेतवतं, हे उंदरांवरच्या कामातून 2011 मध्ये स्पष्ट झालं. पहाटे उठून भाकरी थापून, सगळ्यांचे डबे भरून, ऊसभांगलणीला जाणारी बाई पहिला घास दहा-अकराला खाते. तोवर भूक मारायचं काम मशेरी करते. तिला 'मशेरी सोड' म्हणताना 'सकाळी आठला अर्धी भाकरी खा' हेही म्हणावं लागतं, आणि ते तिच्या सासूसमोर म्हणावं लागतं.

पहिल्यांदा लावली तेव्हा चक्कर आली, ओकारी झाली, हे जवळजवळ प्रत्येकीला आठवतं. 'तंबाखू लागली' म्हणतात ती हीच. मेंदूत हॅबेन्युला नावाचा एक बारीक भाग आहे. निकोटिन जास्त झालं की 'पुरे' हा इशारा त्याच्या वाटेने जातो. रोजच्या वापराने तो इशारा बोथट होतो. निपाणी पट्ट्यात याला आणखी एक बाजू आहे. दव पडलेल्या ओल्या पानांतून निकोटिन पाण्यात उतरतं आणि कातडीतून अंगात जातं. काढणीच्या दिवसांत मळमळ, चक्कर, अंगाला घाम सुटणं यामागे पुष्कळदा तेच असतं. उन्हं चढून पान सुकेपर्यंत थांबणं, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे, काम संपताच साबणाने हात-पाय धुणं, ओले कपडे लगेच बदलणं, एवढ्याने बरंच टळतं. रोज मशेरी लावणारीला हा त्रास कमी जाणवतो, कारण इशारा आधीच मंदावलेला आहे. निकोटिन मात्र तितकंच आत जातं. ती गरोदर असेल तर दोन वाटांनी जातं.

गरोदरपणाबद्दल ठोस आकडा आहे. मुंबईत 1217 स्त्रियांचा पाठपुरावा करून केलेला अभ्यास 2004 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक जणी मशेरीवाल्याच होत्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरीने 105 ग्रॅम कमी भरलं आणि बाळंतपण सरासरीने 6.2 दिवस आधी झालं. 105 ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण कमी वजनाचं बाळ ठरवणाऱ्या अडीच किलोच्या रेषेवर जन्माला येणाऱ्या बाळांच्या भागात तेवढ्यानेच पुष्कळ बाळं रेषेखाली जातात. निकोटिन वारेतून पलीकडे जातं. गर्भाच्या मेंदूत हे ग्राही पहिल्या तिमाहीतच आलेले असतात आणि चेतापेशी कधी वाढायच्या, कुठं जायच्या, कुणाशी जोडायच्या या कामात त्यांचा वाटा असतो. तिथं बाहेरून निकोटिन येणं म्हणजे बांधकाम चालू असताना भलत्याच कुणीतरी गवंड्याला हुकूम सोडत राहणं.

आता कायद्याकडे बघू. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने 1992 मध्येच बंदी घातली. म्हणजे तंबाखूने दात घासू नयेत हे धोरण तीस वर्षांहून जुनं आहे. 2003 मध्ये तंबाखूच्या विक्रीवर आणि जाहिरातीवर बंधनं घालणारा कोटपा कायदा आला. 2013 मध्ये कर्नाटकात गुटखाबंदी झाली. 2016 पासून पाकिटाच्या 85 टक्के भागावर इशारा असतो. कर्नाटकाने अलीकडेच तंबाखू विकत घेण्याचं किमान वय 21 केलं, आणि निर्णय घेणारी कपाळामागची जाळी विशीच्या मध्यापर्यंत घडत असते हे लक्षात घेता ते योग्यच केलं. पण हे सगळे कायदे पाकीट, दुकान आणि कारखाना यांना धरतात. सुट्या तंबाखूला पाकीट नाही, तव्याला परवाना नाही, आणि दात दुखतोय म्हणून पोरीच्या हिरडीला मशेरी लावणारी आई दुकानदार नाही. चित्रातला सडका जबडा या बाईला कधी दिसतच नाही. कायद्याचा हात स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही आणि पोचूही नये. तिथवर जाते ती आशाताई.

आशाताईच्या हातात काय दिलंय ते बघा. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची जी जोखीम-तपासणी यादी ती भरते, त्यात तंबाखूचा प्रश्न आहे. उदाहरणादाखल नावं गुटखा आणि खैनीची. मशेरीचं नाव नाही. आणि तीसच्या आतल्या बाईला तर ही यादीच लागू नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत देशातल्या 12.8 टक्के प्रौढ स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या आढळल्या आणि ओढणाऱ्या 2 टक्के. बायकांच्या बाबतीत तंबाखूचा प्रश्न जवळजवळ सगळा तोंडात आहे, आणि आपले फलक अजून सिगारेटवर फुली मारतायत.

उपचार म्हणजे नेमकं काय, हे तपशिलात सांगितलं पाहिजे, कारण तो नीट न दिल्यानेच बदनाम झालाय.

निकोटिनच्या चघळायच्या गोळ्या 2 आणि 4 मिलिग्रॅमच्या येतात. 2022 च्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत निकोटिन पर्यायी उपचाराचा समावेश झालाय. यादीत नाव येणं आणि आरोग्य केंद्राच्या कपाटात पाकीट येणं यांत मोठं अंतर आहे, हे वेगळं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत मशेरी लागत असेल तर 4 मिलिग्रॅम, नाहीतर 2. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी. दिवसाला 24 च्या वर नाही. चुकतं ते चघळण्यात. लोक ती च्युइंगमसारखी कराकरा चावतात, सुटलेलं निकोटिन गिळतात. ते पोटातून यकृतात जाऊन बरंचसं तिथंच संपतं, मागे उरते उचकी आणि छातीत जळजळ. मग 'गोळीने काय होत नाही' असं गावभर होतं. खरी रीत अशी: सावकाश दहा-पंधरा वेळा चावायची, तिखट किंवा झिणझिण लागली की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायची, झिणझिण गेली की पुन्हा थोडी चावायची, पुन्हा ठेवायची; अर्धा तास. मशेरीवाल्या बायकांना हे गाल-हिरडीमधलं ठेवणं शिकवावं लागत नाही. गोळीच्या आधी पंधरा मिनिटं आणि ती तोंडात असेतोवर चहा, ताक, सरबत नको. आंबट तोंडात निकोटिन अस्तरातून शोषलं जात नाही. तंबाखू मळताना चुना घालतात तो याच्याच उलट कामाला.

ही गोळी रामबाण आहे असं मात्र मी म्हणणार नाही. तिच्याबद्दलचा पुरावा सिगारेटवाल्यांत जितका भक्कम आहे, तितका तोंडातल्या तंबाखूच्या बाबतीत जुन्या अभ्यासांत दिसला नव्हता. एक कारण उघड आहे: दिवसाला पाच-सहा वेळा मशेरी लावणारीला 2 मिलिग्रॅमच्या चार गोळ्या देणं म्हणजे तिला अर्धपोटी ठेवणं. धूरविरहित तंबाखूत व्हॅरेनिक्लिन या औषधाने आणि पद्धतशीर समुपदेशनाने फायदा होतो. व्हॅरेनिक्लिन त्याच अल्फा-4 बीटा-2 ग्राहीवर बसतं, त्याला अर्धवटच चालवतं आणि निकोटिनला जागा देत नाही. त्यामुळे तलफ कमी होते आणि चुकून मशेरी लावली तरी पूर्वीसारखं वाटत नाही. पहिले तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, पुढचे चार दिवस अर्धा दोनदा, आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅम दोनदा, एकूण बारा आठवडे. सोडायचा दिवस आठवा धरायचा. जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घेतलं नाही तर मळमळतं, आणि स्वप्नं फार पडतात हे आधीच सांगून ठेवावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा कमी. गरोदर बाईला हे औषध द्यायचं नाही. तिच्यासाठी पहिला उपाय समुपदेशनच. ते पुरलं नाही तर निकोटिनची गोळी डॉक्टरांनी ठरवून, कमीत कमी मात्रेत.

समुपदेशन म्हणजे 'वाईट असतं हो, सोडा' असं म्हणणं नव्हे. दिवसातल्या मशेरीच्या वेळा लिहून काढायच्या, सगळ्यांत सोपी वेळ आधी गाळायची (बहुधा दुपारची), पहाटेची शेवटी. डबी आणि भाजायचा तवा घराबाहेर द्यायचा. पहाटे चुलीपुढे बसून जे व्हायचं, ते न्हाणीत ब्रश घेऊन उभ्याने करायचं. जागा बदलली की दिवा बदलतो. तलफेची लाट बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यापुरती लवंग किंवा बडीशेप तोंडात चालेल. तपकीर चालणार नाही, ती तंबाखूच आहे. त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो, दोन ते चार आठवड्यांत उतरतो. वाढलेले ग्राही तीन ते बारा आठवड्यांत पूर्वपदावर येतात असं मेंदूच्या चित्रणातून दिसलंय. शिकलेले संकेत त्याहून चिवट असतात, म्हणून लग्नघरी चार बायका परसात एकत्र बसल्या की घसरण होते. एकदा घसरली म्हणजे उपचार फसला असं नव्हे. मधुमेहाच्या रुग्णाची साखर एकदा वाढली म्हणून कुणी गोळ्या थांबवत नाही.

'इच्छाशक्ती असेल तर सुटतं' हा आक्षेप सगळीकडे येतो, व्यासपीठावरून तर हमखास. काहींचं तसं सुटतं, ते नाकारायचं कारण नाही. पण इच्छाशक्ती म्हणून जे आपण म्हणतो तेही कपाळामागच्या पेशींचंच काम आहे, आणि निकोटिन उतरलेल्या पहिल्या आठवड्यात नेमकं तेच काम मंदावलेलं असतं. 2007 मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासाने इथं बरंच सांगितलं. पक्षाघात किंवा तशा कारणाने मेंदूतल्या इन्सुला या भागाला इजा झालेल्या काही धूम्रपान करणाऱ्यांची सवय एकाएकी, विनासायास, पुन्हा तलफही न येता सुटली होती. त्यांचा निर्धार रातोरात वाढला नव्हता. शरीरातून येणाऱ्या 'हवं' या जाणिवेचं जाळंच तुटलं होतं. यावरून माणूस जबाबदार नाही असा निष्कर्ष काढणंही चूक. ज्या जोडण्या शिकल्या त्या मोडता येतात, फक्त त्याला मदत लागते, आणि ती मदत पुरवणं ही सार्वजनिक व्यवस्थेची जबाबदारी आहे.

'सत्तरीच्या म्हातारीला आता कशाला त्रास?' या प्रश्नाला माझं उत्तर असं की तिच्यावर जबरदस्ती नको, पण तिने मागितला तर उपचार मिळावा. आणि तिने नातीच्या दाताला लावू नये.

निपाणीचं पोट हा जड आक्षेप आहे, आणि तो टाळून इथं काही लिहिणं अप्रामाणिक होईल. तंबाखूच्या भावासाठी 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी महामार्गावर बसले, गोळीबारात माणसं गेली. वखारीत, विडी वळण्यात हजारो बायकांचा संसार उभा राहिला. त्यांच्यासमोर तंबाखू वाईट म्हणणं शहरातल्या माणसाला सोपं जातं. पण पीक आणि मशेरी हे दोन प्रश्न एकाच तारखेला सोडवायचे नाहीत. पीक बदलायला पाणी, भाव, बाजार आणि वर्षं लागतात. पाणी आलं तिथं ऊस आणि सोयाबीन वाढलेलं दिसतंच. भारताने 2004 मध्ये मान्य केलेल्या तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारात शेतकऱ्याला पर्याय देण्याचं कलम आहे. सरकारने ते पाळावं, नुसती बंदीची भाषा करू नये. गरोदर बाईचे नऊ महिने मात्र या कशासाठी थांबत नाहीत. शिवाय तंबाखू पिकवणाऱ्या, वळणाऱ्या बायकाच मशेरीच्या तावडीत जास्त सापडतात, कारण माल हाताशी असतो. त्यांना उपचार देणं हे त्यांच्या रोजगारावर घाव घालणं नव्हे.

राहता राहिली भाषा. सीमाप्रश्नावरचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर गरोदर बाईच्या नोंदीचं तायी कार्ड कन्नडमध्येच राहिलं तरी हरकत नाही, पण प्रश्न विचारणारीने मराठीत विचारावा, आणि असा विचारावा: 'सकाळी दाताला काय लावता?' बहुतेक आशाताई गावच्याच, त्यांना घरात मराठी आणि कागदावर कन्नड दोन्ही जमतं. अडचण असते ती बाहेरून बदलून आलेल्या डॉक्टरांची आणि परिचारिकांची. त्यांच्यासाठी टेबलाच्या काचेखाली चार मराठी वाक्यं लिहून ठेवली तरी चालेल. 1800-11-2356 हा तंबाखू सोडायला मदत करणारा राष्ट्रीय मोफत क्रमांक त्याच कागदावर असावा. या सेवेची केंद्रं बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत आणि मुंबईच्या टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयातही आहेत.

नोंदवहीत मग तीन रकाने पुरतात: मशेरी आहे का, दिवसातून किती वेळा, आणि उठल्यावर किती वेळाने. पहिल्या तपासणीलाच ते भरायचे. तिसऱ्या रकान्यात अर्ध्या तासाच्या आतलं उत्तर आलं, की त्या बाईला आशाताईने सोडायच्या दिवसानंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी घरी जाऊन भेटायचं, मग आठवड्याने, मग महिन्याने. गरोदर नसेल तर गोळ्यांची मागणी त्याच दिवशी औषधनिर्मात्याकडे जायला हवी, आणि ती बारा आठवड्यांची हवी. दोन आठवड्यांच्या गोळ्या देऊन 'संपल्या की बघू' म्हटलं, तर त्या संपतात तेव्हा संकेत सगळे जिवंत असतात आणि आठवडी बाजार चार दिवसांवर असतो.